जिप्सीच्या स्टिअरिंगला कुठला रॉड एंड? तीन प्रकार, दोन पावसाळे

मी महाप्याच्या एमआयडीसीत खाऊची पाकिटं भरणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्यामुळे रॉड एंड (दांड्याच्या टोकाचा डोळा, ज्यात सगळीकडे फिरणारा, आरपार भोकाचा बॉल बसवलेला असतो) ही माझ्या रोजच्या हातातली वस्तू. पाकीट सील करणारा जबडा उघडझाप करतो तो दोन रॉड एंडवर. मिनिटाला 60 पाकिटं धरली तरी आठ तासांच्या एका पाळीत 28,800 उघडझापा होतात, आणि तरीही आमच्या मशीनवरचे रॉड एंड वर्ष वर्ष कुरकुर न करता चालतात. म्हणून आमच्या जिप्सीला रॉड एंड लावायचं ठरलं तेव्हा मला त्यात फार विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. माप घ्यायचं, दुकानात जायचं, घेऊन यायचं.

त्याला दोन पावसाळे होऊन गेले. तीन वेगवेगळ्या प्रकारचे जॉइंट लावून झाले, एक तुटला, एक झिजला, एक अजून गाडीवर आहे. ज्यांना आपल्या ऑफ-रोड गाडीसाठी हे घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी लिहिते आहे, कारण मला घ्यायचे होते तेव्हा दुकानात फक्त एकच प्रश्न विचारला जायचा: "ताई, माप काय?" माप हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की जॉइंट लागणार कुठे.

आधी गाडीबद्दल. जिप्सी माझी आणि माझ्या धाकट्या दिरांची सामाईक. मी ऐरोलीला राहते, गाडी कळव्याला भाऊजींच्या शेडमध्ये असते. जिप्सीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, मुळात ॲक्सलच्या खालून जातात. आम्ही ते ॲक्सलच्या वर घेतले, त्यामुळे गाडी चांगलीच उचलली गेली. पण असं केलं की दोन दुखणी पाठीमागे लागतात. एक म्हणजे मूळची ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) खूप तिरकी होते आणि पाट्यांच्या वाटेत येते. मग नकलच्या (चाक ज्याच्यासकट वळतं त्या भागाच्या) डोक्यावर सपाट आर्म लावून स्टिअरिंगच्या सगळ्या दांड्या वर घ्याव्या लागतात. त्या आर्मला मूळ टाय रॉड एंडसाठी (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या कंपनीच्या जॉइंटसाठी) असतं तसं निमुळतं भोक पाडण्यापेक्षा सरळ आरपार भोक पाडून बोल्ट घालणं सोपं, आणि बोल्ट म्हटलं की रॉड एंड आलाच. दुसरं दुखणं मागच्या ॲक्सलचं. चढावर ॲक्सलरेटर दिला की ॲक्सल स्वतःभोवती पिळवटायला बघतो आणि पाटे वाकडेतिकडे होतात. ते थांबवायला ॲक्सलपासून चॅसीपर्यंत एक दांडा टाकतात, ट्रॅक्शन बार. त्याच्याही ॲक्सलकडच्या टोकाला आम्ही रॉड एंडच लावला.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. ही जिप्सी आता रस्त्यावर चालत नाही. मुरबाडकडे जायचं तर फ्लॅटबेडवर चढून जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की ज्याने नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल. पण मी कायद्याच्या भीतीने हे सांगत नाही. रोज ऑफिसला नेण्याच्या जिप्सीला किंवा थारला, जिची उंची कंपनीने दिली तेवढीच आहे, तिला स्टिअरिंगला रॉड एंड लावूच नये असं माझं ठाम मत आहे. मूळच्या टाय रॉड एंडला रबरी बूट असतो, आत ग्रीस भरलेलं असतं, आणि तो घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत नि पाण्यात वर्षानुवर्षं टिकतो. उघडा रॉड एंड त्या कामासाठी जन्मलेलाच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो विमानांच्या कंट्रोलच्या दांड्यांमध्ये आला. इंग्लंडमध्ये त्याला रोझ जॉइंट म्हणतात ते ज्या रोझ ब्रदर्सवरून, ती गेन्सबरोची मंडळी मुळात चॉकलेटं गुंडाळायची मशिनं बनवायची. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आमच्याच धंद्यातली माणसं! पण विमानाचे कंट्रोल काय नि पॅकिंग मशीन काय, दोन्हीकडे चिखल नसतो.

आता पहिली जोडी. ठाण्यातल्याच एका बेअरिंगच्या दुकानातून घेतली. पांढरं खोकं, त्यावर मापाचा शिक्का, बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. एम16, म्हणजे 16 मिलिमीटरच्या आट्यांचा, डोळ्याच्या कडेला ग्रीस निपल, एक नग 380 रुपये. दुकानदार म्हणाले, "हेवी ड्यूटी आहे ताई, डंपरला पण हाच जातो." मी चार स्टिअरिंगला आणि एक ट्रॅक्शन बारला असे पाच घेतले.

पहिल्या तीन फेऱ्या ठीक गेल्या. चौथ्या फेरीत, ऑगस्टमध्ये, मुरबाडच्या पुढे एका ओळखीच्या शेतातल्या ओढ्यातून वर चढताना मागून टण् असा आवाज आला. ॲक्सलने उडी मारली आणि गाडी जागच्या जागी थांबली. उतरून बघते तर ट्रॅक्शन बारचं ॲक्सलकडचं टोक सुटून चिखलात रुतलं होतं. रॉड एंडचा दांडा चेकनटच्या (आटे जागेवर घट्ट धरणाऱ्या नटच्या) अगदी मागे, पहिल्या दुसऱ्या आट्यापाशी, साफ तुटला होता.

तो तुकडा मी घरी आणून रॉकेलमध्ये धुतला आणि खिडकीशी धरून नीट पाहिला. तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत आणि मळकट होता, आणि त्यावर एकामागे एक बारीक कमानी उमटल्या होत्या, ओहोटीनंतर वाळूवर पाण्याच्या रेषा राहतात तशा. उरलेला भाग मात्र खडीसाखरेसारखा कणीदार, नवा, चकचकीत. मेंटेनन्समध्ये काम करणाऱ्याला हे चित्र ओळखता येतं. गुळगुळीत भाग म्हणजे जुनी चीर. ती प्रत्येक हेलकाव्याला केसभर पुढे सरकत होती आणि त्या दिवशी फक्त शेवटचा कणीदार तुकडा तुटला. म्हणजे तो जॉइंट ओढ्यात तुटला नव्हता, बहुधा पहिल्या फेरीपासूनच तुटत आला होता.

पण का? डोळ्याच्या कडेवर बघितलं तर नखाच्या कोरीएवढी एक चकचकीत चंद्रकोर होती, दोन्ही बाजूंना. ब्रॅकेटचा कान, म्हणजे जॉइंटच्या बाजूची बोल्ट धरणारी पट्टी, तिथे येऊन धडकत होता. मग भाऊजींना घेऊन गाडी जॅकवर चढवली, मागचं एक चाक पूर्ण खाली लोंबू दिलं, आणि मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून कोन मोजला. 21 अंश! त्या जातीच्या जॉइंटचा बॉल एका बाजूला 14-15 अंशांपर्यंत कलतो. त्यापुढचे सहा-सात अंश येणार कुठून? ते दांडा वाकून येत होते.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट, म्हणून थोडी थांबून सांगते. रॉड एंडचा बॉल बोल्टच्या आसाभोवती कितीही फिरतो, त्याला मर्यादा नाही. मर्यादा आहे ती कलण्याला. स्टिअरिंगमध्ये बोल्ट उभा असतो, त्यामुळे चाक वळवणं म्हणजे नुसतं फिरणं, ते फुकटात मिळतं. ॲक्सलचा एक भाग वर आणि एक खाली जातो तेव्हा मात्र बॉल कलतो. ट्रॅक्शन बारला आमचा बोल्ट आडवा होता, म्हणून वर-खाली फुकटात मिळत होतं आणि ॲक्सल तिरका होणं महागात पडत होतं. प्रत्येक जागेचा हिशोब वेगळा आहे. गाडी उचलून, चाकं लोंबवून, स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे नि एकदा पूर्ण उजवीकडे नेऊन, प्रत्येक जॉइंटचा कोन मोजल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. रॉड एंडची ताकद ओढण्या-ढकलण्याची आहे. त्याला वाकवायला लागलात की एम16 असो वा एम20, आज ना उद्या जाणार. जाडी वाढवली तर आयुष्य वाढतं हे खरं. वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणून एम16 वरून एम20 वर गेलं की ती दुपटीच्या आसपास जाते. पण कोन चुकलेला असेल तर जाड दांडा फक्त तुटण्याची तारीख पुढे ढकलतो.

म्हणजे दोष निम्मा माझ्या मापाचा होता हे मी कबूल करते. उरलेला निम्मा मात्र मालाचा होता. त्याच खोक्यातल्या न वापरलेल्या एका नगावर मी कानस चालवून बघितली. चांगल्या रॉड एंडच्या बॉलवर कानस घसरते, काचेवर घसरावी तशी, कारण बॉल बेअरिंगच्या पोलादाचा आणि कडक केलेला असतो. इथे बॉलवर कानस धरत होती. बॉडी तर इतकी मऊ की दोन हातांत कीस पडायला लागला. आणि ग्रीस निपलसाठी पाडलेलं भोक नेमकं डोळ्याच्या अरुंद भागात, म्हणजे जिथे आधीच माल कमी तिथेच आणखी कमी केलेला. स्टिअरिंगच्या चारही जॉइंटमध्ये तोवर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला होता. बॉलवरचा क्रोम पापुद्र्यासारखा सुटून खाली तांबूस राड साचली होती. ती बोटांत चोळली की पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागायची. दुकानदारांना तुकडा नेऊन दाखवला. ते म्हणाले ग्रीस कमी पडलं असेल. पैसे परत मिळाले नाहीत, आणि खोक्यावर नावच नसल्यामुळे पुढे विचारायला कोणी नव्हतं. तेव्हापासून बिननावाच्या खोक्यातलं काही मी स्टिअरिंगला लावत नाही.

दुसरी जोडी मी मशीनच्या ज्ञानावर आणली. नागदेवी स्ट्रीटला गेले. मशीद बंदरला उतरून चालत जायचं, पण बेअरिंगची इतकी दुकानं एका गल्लीत दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. तिथे नामांकित बेअरिंग कंपन्यांचे रॉड एंड मिळतात, आयएसओ 12240-4 या मानकाप्रमाणे बनवलेले, आणि खरेदी करताना दुकानदाराच्या शब्दावर नाही तर कॅटलॉगवर बोट ठेवून बोलता येतं. मानकात मालिका आहेत हे लक्षात ठेवा. ई मालिकेतला 20 मिलिमीटर भोकाचा बॉल फक्त 9 अंश कलतो, के मालिकेतला 14-15. गाडीसाठी के. मी एम20 गुणिले 1.5 घेतले, आतून पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) अस्तर असलेले, ग्रीस न लागणारे. एक नग अठराशेच्या आसपास पडला.

खोकं उघडल्यावरच फरक कळतो. चांगल्या अस्तराच्या रॉड एंडचा बॉल नवा असताना बोटाने हलत नाही. भोकात बोल्ट घालून जोर लावावा लागतो, आणि मग तो लोण्यातून सुरी जावी तसा एकसारखा फिरतो, कुठे अडकत नाही. नवाकोरा जॉइंट हातात खुळखुळ्यासारखा वाजत असेल तर तो स्टिअरिंगसाठी घेऊ नका. दुकानदार म्हणेल, "तेवढी जागा लागतेच, ग्रीसला." धातूवर धातू घासणाऱ्या जातीत थोडी जागा असते हे बरोबर आहे. पण चार जॉइंटची थोडी थोडी जागा स्टिअरिंगच्या चाकावर एकत्र येऊन पोचते.

या जोडीने पहिला पावसाळा संपेपर्यंत सुंदर काम केलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, गाडी कंपनीतून आल्यासारखी सरळ धावतेय." मग डिसेंबरपर्यंत दोन जॉइंटमध्ये हलकी टकटक सुरू झाली. उघडून पाहिलं तर अस्तराच्या एका बाजूला मुरमाचे कण रुतून बसले होते आणि त्यांनी अस्तर खरवडून काढलं होतं. कंपनीची काही चूक नाही यात. कॅटलॉगमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं की हा ओढ्यात बुडवा. शिवाय माझ्या हातूनही एक चूक झाली होती. पहिल्या जोडीच्या अनुभवाने घाबरून मी याही जॉइंटवर बाहेरून ग्रीस थापत होते. अस्तराच्या जॉइंटला ग्रीस लागत नाहीच, उलट ते ग्रीस कण धरून ठेवतं आणि आत पोचवतं. निपल असलेल्या धातूवर-धातू जॉइंटला मात्र दर फेरीनंतर ग्रीस भरलंच पाहिजे, जुनं काळं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. दोन जातींचे नियम अगदी उलटे आहेत, आणि मेकॅनिक सगळ्यांना एकच नियम लावतात.

हीच जोडी मी गाडीवरून काढून फेकून दिली नाही. त्यातले दोन चांगले राहिलेले जॉइंट आता शेडमधल्या पाइप वाकवायच्या मशीनवर आहेत आणि तिथे ते सुखात आहेत.

तिसरी जोडी आजही गाडीवर आहे. अमेरिकेत एफके, क्यूए1, ऑरोरा असे उत्पादक रेसिंग आणि ऑफ-रोड गाड्यांसाठीही रॉड एंड बनवतात. त्यांतल्याच एकाचे, पाऊण इंची, तीन भागांचे. म्हणजे बॉडी वेगळी, आतली रेस (बॉल जिच्यात फिरतो ती कडी) वेगळी आणि बॉल वेगळा. बॉडी उष्णतेने कडक केलेल्या क्रोमोली पोलादाची. बहुतेक कॅटलॉगमध्ये एकाच मापात साध्या पोलादाच्या आणि क्रोमोलीच्या बॉडीत दीड ते दोन पट ताकदीचा फरक दिसतो, आणि तो फरक फुकट नाही. कस्टम ड्यूटी नि कुरिअर धरून एक नग साडेपाच हजारांच्या घरात गेला. सोबत स्टेनलेसचे मिसअलाइनमेंट स्पेसर घेतले. हे स्पेसर टोपीसारखे बॉलच्या भोकात दोन्ही बाजूंनी बसतात आणि पाऊण इंची भोक पाच अष्टमांश करतात. बोल्ट बारीक होतो, पण स्पेसरची मान निमुळती असल्याने कानाला जागा मिळते आणि जॉइंट वीस अंशांच्या पुढे कलतो. माझे 21 अंश तिथे बसले, तरी मी ट्रॅक्शन बारची चॅसीकडची जागा बदलून तो कोन 17 वर आणला. कलण्याच्या टोकाला जॉइंट नेऊन ठेवायचा नाही, थोडी शिल्लक ठेवायची. आणि प्रत्येक जॉइंटला रबरी बूट. दोन्ही बाजूंनी चिकटून बसणारे, दिसायला अगदी साधे. या सगळ्या खर्चात सर्वात वसूल झालेले पैसे त्या बुटांचे आहेत.

इंची माल आणला की आटे कोण पाडणार हा प्रश्न येतो. वागळे इस्टेटमध्ये आमचे एक टर्नर काका आहेत, चाळीस वर्षं लेथवर उभे. दांड्याच्या टोकाला वेल्ड करायचे बुश त्यांनी करून दिले. पाऊण इंची, सोळा आट्यांचं भोक म्हणजे आधी साडेसतराचं ड्रिल. सुलट आट्यांचा टॅप त्यांच्याकडे होता, उलट आट्यांचा नव्हता. तो मी परत नागदेवीहून आणला. बुशसाठी त्यांनी ईएन8 जातीचं पोलाद काढलं तेव्हा मी नको म्हटलं. ईएन8 मजबूत आहे, पण नीट गरम न करता वेल्ड केलं तर वेल्डच्या कडेला ठिसूळ होतं. काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बरोबर बोललीस बेटा, स्टिअरिंग आहे." आणि वेल्डला नीट घेणारा साधा माल काढला. आटे बुशमध्ये किमान व्यासाच्या दीडपट आत गेले पाहिजेत. म्हणजे पाऊण इंचीला 28-29 मिलिमीटर. दांड्याला एक निरीक्षणाचं छोटं भोक ठेवा, तार घालून बघता येतं आटे कुठवर आलेत ते.

एका टोकाला सुलट नि दुसऱ्या टोकाला उलट आटे असले की दांडा जागेवरच फिरवून लांबी बदलता येते. सोळा आट्यांच्या जोडीत दांड्याचा एक पूर्ण फेरा म्हणजे 3.2 मिलिमीटर. चाकांचा टो (पुढून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बसवताना पाव फेऱ्याचाही फरक कळतो. बसवून झालं की चेकनट कचकून आवळायचा, आणि आवळताना दोन्ही टोकांचे डोळे एका रेषेत आहेत हे बघायचं, नाहीतर जॉइंट बसतानाच अर्धा कललेला असतो. माझ्या पाहण्यात रॉड एंड बिघडायला सुरुवात होते ती बहुतेक वेळा चेकनट सैल झाल्यापासून. आटे आतल्या आत ठोकले जातात आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून मी नटपासून दांड्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढते. रेघ तुटली की नट फिरला. दोन रुपयांचा रंग.

जॉइंट बसतो कशात, यावरही खूप अवलंबून आहे. जमेल तिथे दोन कानांच्या मध्ये धरा. एकाच कानाला लटकवला तर बोल्टच वाकतो. आमच्या नकलच्या आर्मवर दुसरा कान शक्य नव्हता. तिथे 10.9 ग्रेडचा बोल्ट आहे, त्याचा आट्यांचा भाग जॉइंटच्या बाहेर ठेवलाय, आणि बाहेरच्या टोकाला मोठा वॉशर आहे, डोळ्याच्या भोकापेक्षा व्यासाने मोठा. तो वॉशर शोभेचा नाही. उद्या बॉल रेसमधून निसटला, तर डोळा वॉशरला अडतो आणि दांडा आर्मवरच राहतो. स्टिअरिंग ढिलं लागेल, पण हातातून जाणार नाही. हा वॉशर नसलेली गाडी मला इव्हेंटमध्ये दिसली तर मी ओळख नसताना जाऊन सांगते. काहींना राग येतो. येऊ दे.

ट्रॅक्शन बारच्या चॅसीकडच्या टोकाला मी रॉड एंड न लावता रबरी बुश लावलं. दोन्ही टोकांना धातू असला की प्रत्येक दगड चॅसीत आणि तुमच्या मणक्यात ऐकू येतो, आणि ब्रॅकेटच्या वेल्डवरही मार बसतो. एका टोकाला कोन सांभाळणारा रॉड एंड, दुसऱ्या टोकाला मार पिणारं रबर, ही जोडी मला सस्पेन्शनच्या दांड्यांसाठी योग्य वाटते. स्टिअरिंगला मात्र रबर नको, तिथे दोन्हीकडे अस्तराचाच रॉड एंड. अजून एक विचारणा मला नेहमी होते ती प्लॅस्टिकच्या रॉड एंडबद्दल. आमच्या कारखान्यात ते आहेत, पाण्याने धुतले तरी गंजत नाहीत, वजनाला फुलासारखे. मशीनवर मी ते आनंदाने लावते. गाडीच्या स्टिअरिंगला कधीच नाही.

तपासणीची रीत सांगते, कारण नुसतं चाक धरून हलवून काही कळत नाही. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, जॅक नाही. भाऊजी आत बसून स्टिअरिंग डावी-उजवी थोडं थोडं हलवतात, घड्याळाच्या अकरा ते एकच्या दरम्यान. मी खाली झोपून एकेका जॉइंटवर बोट ठेवते, अर्धं बोट डोळ्यावर आणि अर्धं बोल्टच्या डोक्यावर. जॉइंट चांगला असेल तर दोन्ही एकत्र हलतात आणि बोटाला काहीच कळत नाही. झिजला असेल तर एक आधी हलतं आणि दुसरं मागून येतं. तो फरक डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाच्या पेराला नाडीसारखा लागतो. बूट एका बाजूने उलटवून आत चिखल गेलाय का तेही तेव्हाच बघून घेते. फेरीनंतर धुताना प्रेशरचा पाइप जॉइंटवर मारत नाही, नुसत्या पाण्याने सोडवून फडक्याने पुसते.

दुसरा पावसाळा असा गेला. नऊ फेऱ्या, त्यातल्या दोनदा पाणी बोनेटच्या कडेपर्यंत. दिवाळीच्या आधी सगळं उघडलं. स्टिअरिंगचे तीन जॉइंट नवे असल्यासारखे घट्ट, ट्रॅक्शन बारचाही ठीक. ड्रायव्हरकडच्या नकलवरच्या जॉइंटचा बूट दगडाला घासून फाटला होता आणि त्या एकाच बॉलवर ओरखडे दिसले. प्ले अजून नाही, पण फाटलेल्या बुटाने दोन-तीन फेऱ्या झाल्या असाव्यात, म्हणून तो बदलायला काढलाय. एका जॉइंटसाठी साडेपाच हजार ही रक्कम मोठी आहे, मला कळतं. पाचही जोडून बजेट बसत नसेल तर आधी स्टिअरिंगचे चार चांगले घ्या आणि ट्रॅक्शन बार महिनाभर थांबवा. उलट करू नका.

गाडीत सीटखालच्या पेटीत दोन सुटे ठेवते, एक सुलट आट्यांचा नि एक उलट, उलट्याच्या मानेला पिवळी पट्टी, कारण संध्याकाळी पावसात दोन्ही सारखेच दिसतात. त्यांच्याबरोबर 1-1/8 इंची पाना. अठ्ठावीसचा त्या चेकनटवर चढत नाही आणि तिसाचा कडा गोल करून टाकतो.